सगुणा टिटवीचा अवघड शब्द

एका जंगलात, म्हणजे जिथे झाडं अजून शिल्लक होती अशा एका जागी, एक तळं होतं. तळ्याच्या काठावर खडे-गोटे पसरले होते. त्या गोट्यांमध्ये सगुणा नावाची टिटवी राहत होती.

मुलांनो, टिटवी तुम्ही पाहिली असेल. पाहिली नसेल तर नक्कीच ऐकली असेल. पिवळे लांब पाय, लाल चोच आणि आवाज असा, की दुपारी डोळा लागलेल्या माणसाने दचकून चष्मा शोधावा.

सगुणेचं काम एकच होतं. काठावर उभं राहायचं, चारी दिशांना बघायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं. ती ओरडली की चितळं उधळत. ससे झुडपांत शिरत. सांबरं तोंडातलं पाणी तोंडातच धरून पळत सुटत. या कामावर तिला कुणी नेमलं नव्हतं. तिची आई ओरडायची, म्हणून ती ओरडायची.

तिचा नवरा पांडबा स्वभावाने शांत होता. म्हणजे टिटव्यांमध्ये जितकं शांत राहता येतं तितका.

आदल्या वर्षी त्यांची सगळी अंडी मुंगसाने खाल्ली होती. सगुणा जंगलभराला सावध करायची, पण मुंगूस आलं तेव्हा ती बिबट्याकडे बघत होती. हे दुःख तिने कुणाला सांगितलं नाही. या वर्षी चार पिल्लं झाली, गोट्यांमध्ये धावू लागली, की गोटेच चालताहेत असं वाटावं अशी. तेव्हा तिने ठरवलं, की आता यांना उघड्यावर ठेवायचं नाही.

जंगलात एक सुरक्षित जागा होती. करवंदीच्या दाट जाळीत लांडोर मॅडम बालवर्ग चालवत. जाळीला चहूकडून काटे. मुंगसाने नाक घातलं की नाक चोळत परत जायचं. सगुणा पिल्लांना घेऊन तिथे गेली.

"व्हॉट डू यू डू, मिसेस टिटवी?" लांडोर मॅडमनी विचारलं.

सगुणेला इंग्रजी येत होतं. त्या जंगलात सगळ्यांनाच येत होतं. जीपमध्ये बसून पाहुणे येत, त्यांचं ऐकून ऐकून माकडंसुद्धा 'सॉरी' आणि 'वन मिनिट' म्हणत. म्हणून सगुणेने मान ताठ करून उत्तर दिलं.

"आय शाऊट."

"शाऊट?" मॅडमनी पिसं आवळून घेतली. "शाऊट काय, बेडूकही करतात. सुशिक्षित पालक 'व्होसिफरेट' म्हणतात."

"म्हणजे काय, मॅडम?"

"ओरडणं."

"मग मी तेच म्हणाले की."

"तेच तर म्हणायचं नसतं ना!" मॅडम हसल्या. "हे बघा, साधं इंग्रजी आता ज्याला त्याला येतं. आमच्याकडे पालकांची व्होकॅब्युलरी ॲडव्हान्स्ड लागते."

"पण शिकायचंय पिल्लांना."

"पिल्लांचं काय, ती लहान आहेत, शिकतील. अडचण नेहमी पालकांची असते. शब्दसंग्रह वाढवा आणि या."

सगुणा पिल्लांना घेऊन परत फिरली. वाटेत तिला मुंगूस दिसलं. ते एका दगडावर ऊन खात बसलं होतं. त्याने पिल्लांकडे पाहून गोड हसून "हॅलो" म्हटलं.

सगुणेने त्याच दुपारी क्लासला नाव घातलं.

क्लास बाजीनाथ कोल्ह्याचा होता. हा बाजीनाथ काही काळ शहरात राहून आला होता. तिथे एका इंग्रजीच्या शिकवणीमागे उकिरडा होता, त्यावर त्याचं पोट भरायचं. वड्यांबरोबर खिडकीतून शब्दही बाहेर पडायचे. वडे पोटात गेले, शब्द डोक्यात राहिले. जंगलात परतल्यावर त्याने उंबराखाली वर्ग उघडला आणि तो स्वतःला सर म्हणवून घेऊ लागला. फी म्हणून प्रत्येकाने आपल्याला आवडेल ते खायला आणायचं. फक्त ते सरांना आवडलं पाहिजे.

पहिल्याच दिवशी सरांनी पाया पक्का केला.

"जो शब्द ऐकताक्षणी कळतो, तो साधा. जो दोनदा ऐकून कळतो, तो मध्यम. आणि जो कळतच नाही, तो ॲडव्हान्स्ड. लिहून घेऊ नका, अंगात मुरवा."

वर्गात अस्वल होतं, कासव होतं आणि अर्धा कळप चितळांचा होता. चितळांच्या म्होरक्या हौसाबाई. अंगाने भरलेल्या, चालणं ठसकेबाज, आणि जंगलात नवीन काहीही निघालं की पहिलं आपल्या घरी हवं असा स्वभाव. अस्वल मधाला 'फेनॉमिनल' म्हणायला शिकलं. कासव एक शब्द सोमवारी सुरू करायचं आणि बुधवारी संपवायचं. पण उच्चार त्याचाच सगळ्यांत स्वच्छ होता.

सगुणा मन लावून शिकत होती. रात्री पिल्लांना पंखाखाली घेतलं, की ती पुटपुटत राही. इनएव्हिटेबल. मॅग्नॅनिमस. पल्क्रिट्यूडिनस. या शेवटच्या शब्दाचा अर्थ सुंदर असा होता. तो म्हणताना तिचं तोंड इतकं वाकडं व्हायचं, की पांडबा काळजीने विचारायचा, "दुखतंय का कुठे?"

एकदा पांडबा चोचीत गांडूळ घेऊन आला आणि चोच मिटूनच पुटपुटला.

"हे घे, गांडूळ आणलंय."

"गांडूळ म्हणू नका हो पिल्लांसमोर. इन्व्हर्टिब्रेट म्हणा."

पांडबाने गांडुळाकडे निरखून पाहिलं. "नाव बदलल्याने ते काही लांब झालेलं दिसत नाही. वाटणी तेवढीच होणार."

"पिल्लांना शाळेत घालायचंय ना?"

"घालायचंय."

"मग म्हणा."

पांडबाने प्रयत्न केला. शब्दाच्या मध्यावर त्याची चोच उघडली आणि गांडूळ खाली पडून गोट्यांमध्ये निसटलं. त्या संध्याकाळी सगळे उपाशी झोपले. पण घरात एक अवघड शब्द बोलला गेला होता. सगुणेला त्याचं समाधान होतं.

आणि मग ती संध्याकाळ आली.

ऊन कलत होतं. हौसाबाईंचा कळप पाण्यावर उतरला होता. लांडोर मॅडमही आल्या होत्या, आणि पाणी पिता पिता पाण्यातल्या आपल्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सगुणा काठावर उभी होती. समोरचं गवत हललं. गवतात ठिपके दिसले. ठिपक्यांमागून दोन डोळे दिसले.

तो रायाजीराव होता. त्या जंगलातला बिबट्या.

सगुणेची चोच उघडली. आईकडून आलेली ती ओरड गळ्यापर्यंत आली. एवढ्यात मॅडमनी पाण्यातून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सगुणेला करवंदीची जाळी आठवली. तिने ओरड गिळली, मान उंचावली आणि एकेक शब्द तोलत म्हटलं,

"लेडीज अँड जंटलमेन, अ फेरोशियस कार्निव्होर इज इमिनंट इन द व्हिसिनिटी!"

म्हणजे काय, तर एक हिंस्र मांसाहारी जनावर जवळ येऊन ठेपलं आहे.

मुलांनो, कुणीही पळालं नाही.

चितळांनी माना डोलावल्या. हौसाबाई म्हणाल्या, "वा, सगुणा! किती सुधारलीस गं!" एक ससा झुडपातून बाहेर आला, काही कार्यक्रम आहे का ते बघायला. लांडोर मॅडम म्हणाल्या, "इंप्रेसिव्ह."

रायाजीराव उडी घ्यायच्या बेतात होता. पण त्याने उडी घेतली नाही. तो जागीच थबकला.

कारण टिटवी काहीतरी बोलली होती, आपल्याकडे बघून बोलली होती, आणि ते सगळ्यांना कळलं होतं. चितळांना कळलं होतं. सशाला कळलं होतं. आपल्याला एकट्यालाच कळलं नव्हतं. त्याचे कान तापले. अशा वेळी उडी मारली आणि कुणी म्हटलं, 'अहो, आताच काय सांगितलं?' तर?

तो गवतातून हळूच बाहेर आला.

"हो, हो," तो सगळ्यांकडे बघत म्हणाला. "अगदी बरोबर. मलाही तसंच वाटतं."

मग त्याने कडेला बसून दोन घोट पाणी प्यायलं, सगळ्यांना "एक्सक्यूज मी" म्हटलं आणि तो निघून गेला.

"रायाजीरावांतही किती फरक पडलाय नाही?" हौसाबाई म्हणाल्या.

सगुणा घरी आली. तिला घास जाईना.

"मी कळपाला मारलं असतं हो," ती पांडबाला म्हणाली. "त्या मॅडमकडे बघून मी ओरड गिळली. उद्या जाते आणि क्लासमधून नाव काढते."

पांडबाने चोचीने एक गोटा बाजूला सारला. मग म्हणाला, "पण कुणी मेलं का?"

"नाही."

"तू नुसती ओरडतेस तेव्हा?"

सगुणेने विचार केला. ती ओरडली तरी अधूनमधून एखादं लंगडं, एखादं म्हातारं मागे राहायचंच. आज सगळा कळप पाण्यावर उभा होता, आणि सगळा कळप घरी गेला होता.

"मला यातलं काही कळत नाही," पांडबा म्हणाला. "पण नाव काढायची घाई करू नकोस."

तरी ती दुसऱ्या दिवशी नाव काढायलाच गेली. उंबराखाली पोहोचली आणि तिचे पाय जमिनीला चिकटले. पहिल्या रांगेत, शेपटी नीट गुंडाळून, रायाजीराव बसला होता.

बाजीनाथ सर झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभे होते. त्यांचा आवाज जरा बारीक येत होता.

"वर्गाचा एक नियम आहे," सर सांगत होते. "शिकवणी चालू आहे तोवर विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला खायचं नाही. आणि सरांना तर, म्हणजे, कधीच नाही."

"मान्य," रायाजीराव म्हणाला. "मी डोंगरापलीकडे जेवून येत जाईन. सर, मला आधी एक विचारायचंय. 'फेरोशियस कार्निव्होर' म्हणजे काय?"

सरांनी रायाजीरावाच्या सुळ्यांकडे पाहिलं.

"म्हणजे, असं बघा, अत्यंत प्रभावी व्यक्तिमत्त्व. ज्याचा आहार प्रोटीनयुक्त आहे असं."

"आणि 'इमिनंट'?"

"लवकरच नावारूपाला येणारं."

रायाजीराव चक्क लाजला. तो मागे वळला आणि त्याने सगुणेला मान लववून नमस्कार केला. "सगुणाताई, माझ्याबद्दल आजवर चांगलं असं कुणी बोललंच नव्हतं. मी नुसता दिसलो तरी लोक पळतात. तुम्ही चारचौघांत माझी ओळख करून दिलीत. हे मी विसरणार नाही."

आता नाव कसं काढणार? सगुणा गुपचूप शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

रायाजीराव हुशार निघाला. शिकार करणाऱ्याच्या अंगी एकाग्रता असतेच. त्याने लवकरच सगळ्यांना मागे टाकलं. मात्र त्याची आवड एका विषयाकडे झुकलेली होती. जेवणाचे शब्द आले की त्याचे डोळे चमकत. डिलेक्टेबल, म्हणजे अतिशय रुचकर. डेलिकसी, म्हणजे खास पक्वान्न. एकदा सरांनी उंबराचं फळ वर धरून सांगितलं, "हे सक्युलंट आहे. सक्युलंट म्हणजे रसरशीत. दात लावला की रस गळतो." तेव्हा रायाजीरावाने हा शब्द तीनदा घोकला, आणि घोकताना तो फळाकडे बघत नव्हता. हौसाबाईंकडे बघत होता. हे सगुणेने पाहिलं. इतर सगळे फळाकडे बघत होते.

होता होता वर्ग संपत आला. समारोपाचा दिवस ठरला. उंबराला पानाफुलांच्या माळा लागल्या. लांडोर मॅडम प्रमुख पाहुण्या म्हणून आल्या. सगुणा पिल्लांना पांडबाकडे सोपवून आली होती. तिला वाटत होतं, आज दोन वाक्यं चांगली बोलायला मिळाली की प्रवेश झालाच.

भाषणं झाली. अस्वल बोललं. कासवाने बोलायला सुरुवात केली, त्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवून बसवलं. शेवटी आभार मानायला रायाजीराव उठला. त्याने सरांचे आभार मानले, झाडाचे मानले, आणि मग हौसाबाईंकडे वळून तो म्हणाला,

"माय डियर हौसाबाई, यू आर डिलेक्टेबल. यू आर सक्युलंट. सर, वर्ग आता संपला ना?"

"संपला, संपला," सर म्हणाले.

"मग हौसाबाई, आज संध्याकाळी डिनरला माझ्याकडे यावं, ही विनंती."

कळपात एकच कुजबुज झाली. डिनरला! खुद्द रायाजीरावांकडे! हौसाबाईंनी मान अशी वेळावली, की शेजारणींचे चेहरे उतरले.

सगुणा उडाली ती थेट हौसाबाईंच्या कानाशी.

"बाई, जाऊ नका! ते तुम्हाला खाणार आहेत!"

"काय बाई बोलणं तरी!" हौसाबाई म्हणाल्या. "जेवायला बोलावलंय त्यांनी."

"अहो, जेवायला नाही बोलावलं, जेवणात बोलावलंय! सक्युलंट म्हणजे रसरशीत. सरांनी उंबर दाखवून सांगितलं होतं, आठवा की!"

"मग मी काय वाळकी आहे?" हौसाबाईंना राग आला. "तुला बोलावलं नाही, म्हणून जळतेस. चार महिन्यांपूर्वी शाऊट म्हणत होतीस, आता मला अर्थ शिकवतेस?"

आणि त्या रायाजीरावाच्या जोडीने ओढ्याकाठच्या त्याच्या घराकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून कळप आणि बाकीची मंडळी निघाली, मिरवणूक निघावी तशी.

मग सगुणेने मॅडमचा विचार केला नाही. करवंदीचा केला नाही. तिने चोच उघडली आणि ती जीव तोडून ओरडली. टिटिव, टिटिव, टिव, टिव! सगळं रान दणाणलं.

चितळांचे पाय जुन्या सवयीने वर उचलले गेले. पण मॅडम बघत होत्या. चितळांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उचललेले पाय हळूच खाली ठेवले.

"समारंभात?" कुणीतरी म्हणालं.

"कंट्रोल युवरसेल्फ, मिसेस टिटवी," लांडोर मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुमच्यात सुधारणा झालीय."

सगुणेला रडू आलं. खरं सांगितलं, तेही ऐकलं नाही. ओरडून सांगितलं, तेही ऐकलं नाही. ओढ्याकडे वाट वळत होती. वळणापलीकडे गेल्या, की हौसाबाई परत दिसणार नव्हत्या. ती भरारी घेऊन पुढे गेली आणि वाटेतल्या दगडावर, रायाजीरावाच्या नाकासमोर उतरली.

"सगुणाताई, जरा बाजूला होता?" रायाजीराव अदबीने म्हणाला.

तिला खूप काही बोलायचं होतं. शिकलेला एखादा मोठा शब्द त्याच्या तोंडावर फेकायचा होता. पण इतक्या महिन्यांत पाठ केलेलं सगळं भीतीने उडून गेलं. शब्दांचे मधले तुकडे तेवढे जिभेवर राहिले होते. तिने ते जसे सापडले तसे जोडले आणि पंख फुलवून ती म्हणाली,

"रायाजीराव! यू आर फ्लॅम्ब्युडिनस!"

रायाजीरावाचा पुढचा पाय हवेतच राहिला.

"काय म्हणालात?"

"फ्लॅम्ब्युडिनस," सगुणा म्हणाली. एकदा बोलून गेल्यावर आता मागे फिरता येत नव्हतं. "आणि तेही पूर्णपणे."

रायाजीरावाने मनातल्या मनात सगळे धडे उलगडून पाहिले. हा शब्द कुठेच नव्हता. त्याने आजूबाजूला पाहिलं. कळप माना डोलावत होता. अस्वल डोलावत होतं. मॅडमही डोलावत होत्या.

"हा शब्द चांगला की वाईट?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे!" रायाजीराव म्हणाला. "इतरांना कळावं म्हणून विचारलं. सर! इकडे या जरा. सांगा बघू यांना."

बाजीनाथ सर आले. आले म्हणजे त्यांना यावं लागलं.

"उत्तम शब्द," ते म्हणाले. "जुना शब्द. याचा अर्थ संदर्भाने बदलतो."

"या संदर्भात काय?"

"या संदर्भात तो फार खोल जातो."

"मला वाटतं, ज्याच्या अंगावर ठिपके शोभतात असा," अस्वल म्हणालं.

"छे! ज्याला जेवायची रीत कळत नाही असा," एक चितळ मागून म्हणालं आणि लगेच दुसऱ्याच्या आड झालं.

"आमच्याकडे हा शब्द बालवर्गातच घेतात," लांडोर मॅडम म्हणाल्या.

"मग अर्थ सांगा ना, मॅडम," रायाजीराव म्हणाला.

मॅडमनी घड्याळ नसलेल्या पायाकडे पाहिलं. "प्रमुख पाहुण्यांनी वादात पडू नये," त्या म्हणाल्या.

मग वाद पेटला. अर्धं जंगल म्हणालं, ही स्तुती आहे. अर्धं म्हणालं, हा अपमान आहे. रायाजीराव मधोमध बसला आणि त्याने डोकं पंजात धरलं.

"सगुणाताई," तो कळवळून म्हणाला, "माझी अडचण समजून घ्या. हा शब्द वाईट असेल, तर मला आधी तुम्हाला खायला हवं. चांगला असेल, तर चारचौघांत तुमचे आभार मानायला हवेत. आभार मानायचे त्या माणसाला खाऊन कसं चालेल? आणि खायचं त्याचे आभार मानून बसलो, तर लोक काय म्हणतील? अर्थ नक्की झाल्याशिवाय मला काहीच करता येत नाही."

सगुणेला उडून जावंसं वाटत होतं. पण ती दगडावरून हलली नाही. तिने फक्त इतकंच म्हटलं, "आता ते तुमचं तुम्ही ठरवा."

इकडे हौसाबाई उभ्या राहून राहून कंटाळल्या.

"ही काय पाहुणचाराची रीत झाली?" त्या कडाडल्या. "ताटकळत उभं केलंय. बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. असल्या घरी मी जेवायची नाही. चला गं सगळ्या!"

आणि त्या कळप घेऊन तरातरा निघून गेल्या. रायाजीरावाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो सरांना विचारत होता, की शहरात त्या शिकवणीत मोठा शब्दकोश असेल ना?

"असेल, असेल," सर म्हणाले. "मी पत्ता सांगतो."

"पत्ता कशाला? तुम्हीच चला," रायाजीराव म्हणाला आणि त्याने सरांना मानेपाशी प्रेमाने धरलं.

दोघे त्याच संध्याकाळी शहराच्या वाटेला लागले. ते अजून परतलेले नाहीत. शब्दकोश जाड असतो, मुलांनो. त्यात नसलेला शब्द शोधायला तर फारच वेळ लागतो.

त्या दिवशी सगुणा घरी आली आणि पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली.

"काय झालं?" पांडबाने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "वाईट वाटतंय हो. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

"खोटं कसं?" पांडबा म्हणाला. "खोटं व्हायला आधी अर्थ लागतो. तू अर्थाचं काही बोललीच नाहीस."

सगुणेला हसू आलं. ती हसली तशी पंखाखालची पिल्लंही हलली. चारही होती. तिने मोजली नाहीत, अंगाला जाणवली.

चार दिवसांत तो शब्द जंगलभर झाला. अस्वलाला मधाचं पोळं फ्लॅम्ब्युडिनस लागलं. हौसाबाई सकाळी उठून म्हणाल्या, "आज जरा फ्लॅम्ब्युडिनस वाटतंय, पाण्यावर उशिरा जाऊ." मुंगूस बिळाच्या तोंडाशी बसून उच्चाराचा सराव करू लागलं.

आणि एका दुपारी, आसपास कुणी नाही असं बघून, लांडोर मॅडम तळ्याच्या काठावर आल्या. पिसारा त्यांना नव्हताच, पण असता तर त्यांनी तो मिटून आणला असता, अशा चालीने आल्या. इंग्रजीत एक शब्द बोलल्या नाहीत.

"काय गं सगुणा, बरी आहेस ना?" त्या म्हणाल्या. "पिल्लं मोठी झाली की. अगं, सहज आले होते. तो तुझा शब्द. म्हणजे मला माहीत आहे तो. पण पालक विचारतात ना, तर नेमका अर्थ काय सांगायचा, म्हणून म्हटलं."

सगुणेच्या चोचीत खरं उत्तर आलं होतं. पण तेवढ्यात तिची नजर पिल्लांकडे गेली. चौघं गोट्यांमध्ये उघड्यावर धावत होती. त्यांच्या मागच्या गवतात काहीतरी सळसळलं आणि पुन्हा शांत झालं.

"मॅडम," ती नम्रपणे म्हणाली, "तुमच्यासारख्यांना मी काय सांगणार? तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मॅडमनी मान डोलावली.

"अर्थात," त्या म्हणाल्या. "अर्थात! अशाच पालकांची शाळेला गरज असते. उद्या सकाळी पिल्लांना पाठवून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी करवंदीच्या जाळीत चार नवी पिल्लं शिरली. सगुणा बाहेर थांबून बघत राहिली. काट्यांच्या भिंतीमागून मॅडमचा आवाज आला, मग सगळ्या वर्गाचा आवाज आला. अवघा वर्ग एका सुरात फ्लॅम्ब्युडिनस म्हणत होता. उच्चार अगदी स्वच्छ होते.

तात्पर्य : अवघड शब्दाचा अर्थ कुणाला विचारू नये, आणि आपल्याला कुणी विचारलाच तर सांगू नये. त्याने जीवही वाचतात आणि मुलांना चांगल्या शाळेत प्रवेशही मिळतो. हा बोध ज्यांना नीट कळला नसेल, त्यांनी फक्त मान डोलवावी.